रात्री दोन वाजता वायर कोण काढणार?

२३ नोव्हेंबर २०२२, बुधवार. दिल्लीच्या एम्समध्ये ओपीडीच्या खिडक्यांसमोर रोजच्यासारख्या रांगा लागल्या होत्या, पण खिडकीआडचे संगणक काही केल्या चालेनात. नोंदणी होईना, तपासण्यांचे रिपोर्ट उघडेनात. शेवटी कागद-पेन बाहेर आलं आणि देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या सरकारी रुग्णालयात चिठ्ठ्या हाताने लिहिल्या जाऊ लागल्या. बहुतेक सेवा पूर्ववत व्हायला दोन आठवडे गेले.

पुढे सरकारने संसदेत माहिती दिली, की पाच सर्व्हर बाधित झाले होते आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा हल्लेखोरांनी कुलूपबंद केला होता. कारणही सांगितलं. ते ऐकायला अगदी कोरडं आहे: नेटवर्कची विभागणी नीट केलेली नव्हती.

अशी बातमी आली की आपल्याकडे चर्चा होते ती हॅकरची. चिनी होते की रशियन, किती कोटी मागितले, बिटकॉइनमध्ये मागितले का. विभागणीबद्दल चहाच्या टपरीवर कोणी बोलत नाही. पण सरकारी सायबर सुरक्षा पथकाच्या प्रमुखाची सगळी नोकरी त्या कोरड्या वाक्यात आहे. विभागणी करायची कोणी? त्यासाठी एक रविवार सगळी यंत्रणा बंद ठेवायला परवानगी कोण देणार? आणि परवानगी मिळाली नाही, तर 'मागितली होती, मिळाली नाही' असं फाइलवर कोण लिहिणार?

## वाडा आणि दिंडीदरवाजा

विभागणी म्हणजे काय ते आधी पाहू. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दिंडीदरवाजा भक्कम, अडसर हातभर जाड. पण एकदा आत आलात की माजघर, कोठीची खोली, देवघर सगळं सताड उघडं. दूधवाल्याच्या मागोमाग कोणी आत शिरलं तर तिजोरीपर्यंत त्याला अडवणारं कोणी नाही. आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांची नेटवर्क या वाड्यासारखी आहेत. बाहेर फायरवॉल, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला तपासणारा पहारेकरी असतो, आत मात्र आवक-जावक कारकुनाच्या संगणकावरून पगारपत्रकाच्या सर्व्हरपर्यंत वाट मोकळी. विभागणी करायची म्हणजे आतल्या दारांनाही कुलपं लावायची, आणि कोणती किल्ली कोणाकडे हे ठरवायचं.

या वाड्यातला दूधवाला म्हणजे ईमेल. 'महागाई भत्ता फरक – सुधारित तक्ता' असं नाव दिलेली फाइल आली, की कोणता सरकारी कर्मचारी ती उघडणार नाही? अशा आमिषाच्या मेलला फिशिंग म्हणतात. आत शिरून डेटा कुलूपबंद करायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, या प्रकाराला रॅन्समवेअर. आणि कोण कधी कुठून आलं-गेलं याची संगणक स्वतः जी नोंदवही ठेवतो ती लॉग. एवढे तीन शब्द पुढे पुरतील.

## हे सायबर पोलिसांचं काम नाही का?

नाही, आणि इथे बऱ्याच लोकांची गल्लत होते. तुमच्या खात्यातून पैसे गेले तर तुम्ही १९३० ला फोन करता, तक्रार पोलिसांकडे जाते, ते आरोपी शोधतात. हे झालं गुन्ह्यानंतरचं. सरकारी यंत्रणेवर हल्ला होतो तेव्हा कुठे काय घडतंय यावर लक्ष ठेवणारी, इशारे देणारी आणि मदतीला धावणारी राष्ट्रीय संस्था वेगळी आहे. तिचं नाव सर्ट-इन. ती २००४ पासून काम करते आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. वीज, बँका, वाहतूक अशा ज्या यंत्रणा कोलमडल्या तर देश थांबेल, त्यांच्या संरक्षणासाठी २०१४ पासून आणखी एक केंद्र आहे. आपल्या राज्यात महाराष्ट्र सायबर आहे.

पण ही सगळी झाली अग्निशमन दलं. आग लागल्यावर बंब येतो. इमारतीतला जिना अडवून कोणी कपाटं ठेवलीत का, गॅसचा मुख्य कॉक कुठे आहे, हे बंबवाल्याला कसं माहीत असणार? ते इमारतीतल्या माणसाला माहीत हवं. सरकारी खात्यात त्या माणसाचं पद म्हणजे मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी. केंद्राच्या सूचनांप्रमाणे प्रत्येक मंत्रालयाने आणि विभागाने असा अधिकारी नेमायचा असतो. नेमलेही जातात. मात्र पुष्कळदा ज्याच्याकडे आधीच तीन कार्यभार आहेत त्याच्या गळ्यात हा चौथा 'अतिरिक्त' म्हणून पडतो. माझ्या मते खरी गोम इथे आहे. या लेखात 'प्रमुख' म्हणेन तो हाच.

## त्याला कोडिंग यायलाच हवं का?

लिहिता आलं नाही तरी चालेल. समोरचा थापा मारतोय का, हे कळलं पाहिजे.

रुग्णालयाच्या अधीक्षकाला प्रत्येक शस्त्रक्रिया स्वतः करता येत नाही. पण भूलतज्ज्ञ म्हणाला की 'सगळं ठीक आहे', तर मॉनिटरवरचा कोणता आकडा बघून असं म्हणतोस, हे त्याला विचारता येतं. प्रमुखाचं तेच. 'बॅकअप आहे सर' असं उत्तर आलं की त्याचा पुढचा प्रश्न हवा: शेवटचा बॅकअप परत चढवून कधी पाहिला होता? आणि तो मुख्य नेटवर्कला जोडलेला आहे की वेगळा ठेवलाय? कारण रॅन्समवेअर जोडलेला बॅकअपही सोबत घेऊन बुडतो. एम्सचा ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या यंत्रणेतला डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या एका सर्व्हरवरच्या बॅकअपमधून. तोही गेला असता तर काय, याचा विचार न केलेला बरा.

तांत्रिक समज किती बारीक लागते याचं एक उदाहरण देतो. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने काही निर्देश काढले. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपून ठेवायचे, हे गाजलं. त्यातच आणखी एक निर्देश होता ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही: सगळ्या संगणकांची घड्याळं राष्ट्रीय वेळेशी जुळवून ठेवायची. वाचून हसू येतं. घड्याळं कसली लावताय, हॅकर पकडा!

पण समजा फायरवॉलच्या लॉगमध्ये बाहेरचं कनेक्शन १ वाजून ४० मिनिटांनी आलं, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ॲडमिनचं खातं १ वाजून ३१ मिनिटांनी उघडलं. खातं आधी उघडलं आणि माणूस नंतर आला? म्हणजे आतल्याच कोणाचा हात आहे? चौकशी लगेच कर्मचाऱ्यांकडे वळते. आणि चार दिवसांनी कळतं की सर्व्हरचं घड्याळ बारा मिनिटं मागे होतं. हा घोटाळा हल्ल्याच्या आधी, एखाद्या रटाळ मंगळवारी ज्याच्या डोक्यात येतो, तो माणूस या खुर्चीवर हवा.

## आठ आठवडे घरात चोर

प्रमुख नसला तर काय होतं, याचं सगळ्यात तपशीलवार नोंदवलेलं उदाहरण आयर्लंडचं आहे. तिथली सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एचएसई. २०२१ च्या मे महिन्यात तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. नंतर स्वतंत्र चौकशी झाली आणि तिचा अहवाल लोकांसमोर ठेवला गेला. ही प्रथा आपल्याकडेही यावी असं फार वाटतं.

१८ मार्चला एका कर्मचाऱ्याने मेलमधून आलेली एक्सेल फाइल उघडली. ३१ मार्चला त्याच संगणकावरच्या अँटीव्हायरसला संशयास्पद काहीतरी सापडलंही. पण तो 'फक्त पाहा' अशा सेटिंगवर होता, त्यामुळे त्याने पाहिलं आणि सोडून दिलं. मे महिन्यात चोर सर्व्हरपर्यंत पोहोचले. १३ मे रोजी अँटीव्हायरस कंपनीने मेल पाठवून कळवलं, की निदान सोळा यंत्रांवर धोक्याच्या खुणा दिसताहेत. सुरक्षा पथकाने तो मेल वाचला आणि सर्व्हरवाल्यांना सांगितलं, सर्व्हर रीस्टार्ट करा.

रीस्टार्ट करा! टीव्हीच्या डब्याला टपली मारावी तसं.

१४ मेच्या पहाटे सगळीकडे एकदम कुलपं पडली. त्या सकाळी एचएसईने आपली सगळी संगणक यंत्रणा बंद केली आणि इंटरनेटशी असलेला संबंध तोडला. देशभरातल्या रुग्णालयांत कागद-पेन आलं. गंमत म्हणजे, गंमत म्हणवत नाही खरं तर, हल्लेखोरांनी आठवडाभरात किल्ली फुकट देऊन टाकली. तरीही सगळं सावरायला सप्टेंबर उजाडला.

चौकशी अहवालाने दाखवलेला एक दोष मला बाकी सगळ्यांहून मोठा वाटतो: सायबर सुरक्षेची जबाबदारी वरिष्ठ पातळीवर कोणा एकाची नव्हती. धोक्याच्या घंटा वाजल्या होत्या, ऐकणारेही होते, पण 'आता हे माझं' असं म्हणून उठणारं कोणी नव्हतं. त्याच सुमारास आयर्लंडच्या आरोग्य विभागावरही हल्ल्याचा प्रयत्न झाला आणि तिथे तो वेळीच रोखला गेला. देश एक, आठवडा एक.

## धरणाचे दरवाजे पावसाआधी ठरतात

पुण्या-सांगलीच्या माणसाला विसर्ग हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. धरण भरत आलं की दरवाजे उचलायचे. उशिरा उचलले तर धरणाला धोका, लवकर उचलले तर खालच्या वस्त्यांत पाणी. रात्री दोन वाजता, मुसळधार पावसात, हा निर्णय चर्चा करून घेता येत नाही. म्हणून पातळी इतकी झाली की इतके दरवाजे इतके वर, हे पावसाळ्याआधी कागदावर ठरलेलं असतं. अभियंता तो कागद पाहतो आणि दरवाजे उचलतो. दुसऱ्या दिवशी 'का उचलले' असं विचारायला कोणी आलं तर तो कागद दाखवतो.

सायबर हल्ल्यात वायर काढणं हा असाच निर्णय आहे. काढली तर ओपीडी बंद, दाखले बंद, जमिनीचे व्यवहार खोळंबणार, उद्या पेपरात फोटो. नाही काढली आणि शंका खरी निघाली, तर दोन आठवडे सगळंच बंद. शिवाय हल्लेखोर रविवार-सुट्टी बघून येतात. २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली, तेव्हा पहिला घाव पडला ११ ऑगस्टला, दुसऱ्या शनिवारी. बँकांना सुट्टी होती. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे उचलले गेले.

तेव्हा प्रमुखाचं पहिलं मोठं काम हा कागद करून घेणं. कोणत्या खुणा दिसल्या तर कोणती यंत्रणा बंद करायची, ती बंद करण्याचा अधिकार रात्री कोणाकडे, आणि त्याने चुकून बंद केली तर त्याला कोणी विचारणार नाही अशी वरच्या अधिकाऱ्याची सही. शेवटची सही सगळ्यात अवघड. ती मिळवायला तांत्रिक ज्ञान काहीच कामाचं नाही. सचिवाला त्याच्या भाषेत सांगावं लागतं. 'लॅटरल मूव्हमेंट'चा, म्हणजे चोर एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरकण्याचा, धोका आहे असं म्हटलंत तर फाइल 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत येईल. 'शुक्रवारी संध्याकाळी हे झालं तर सोमवारी एक तारखेचा पगार होणार नाही' असं म्हणा, सही त्याच दिवशी होते.

## चूक करणाऱ्याला निलंबित केलं की बाकीचे सुधारतील ना?

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो चुकीचा का आहे हे एका टेबलावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात कामासाठी गेलो होतो. संगणक चालकाच्या ड्रॉवरमध्ये पाच-सहा यूएसबी डोंगल होते, रबरबँडने बांधलेले. प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर साहेबांचं आडनाव आणि मार्करने लिहिलेला पिन. हे डोंगल म्हणजे अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या. कायद्याने त्या हाताच्या सहीइतक्याच ग्राह्य. साहेब दौऱ्यावर असले तरी काम अडू नये म्हणून ही सोय. त्या मुलाला यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट कोणाचं काम अडत नाही याचा त्याला अभिमान होता. कंत्राटी होता. वय पंचविसाच्या आसपास.

आता समजा त्यातलं एक डोंगल हरवलं. किंवा त्याने तो महागाई भत्त्याचा तक्ता उघडला आणि स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली. तो काय करेल? नियम सांगतो, ताबडतोब कळव. पण मागच्या वर्षी ज्याने कळवलं त्याचं कंत्राट गेलं, हे त्याला माहीत असेल तर तो गप्प बसेल. घाम पुसेल, मेल डिलीट करेल. आणि हल्लेखोराला हवा असलेला वेळ मिळेल. आयर्लंडमध्ये तो आठ आठवडे मिळाला होता.

म्हणून पथकप्रमुखाचं मोजमाप एकच करायचं झालं तर मी हे करेन: चुकीच्या लिंकवर बोट पडल्यापासून किती मिनिटांत त्याला फोन येतो? फोन पाच मिनिटांत आला तर एक संगणक वेगळा काढून भागतं. तो फोन यायचा असेल तर आधी कधीतरी त्या माणसाने आपल्याला टेबलापाशी येऊन चहा पिताना पाहिलेलं असावं लागतं. 'बरं झालं सांगितलंत' हे वाक्य चारचौघांत ऐकलेलं असावं लागतं.

याचा अर्थ सगळ्याला माफी असा नव्हे. सांगून-सवरून, लेखी बजावूनही ॲडमिनचा पासवर्ड कोणी वाटत फिरत असेल तर कारवाई झालीच पाहिजे. चूक करणारा आणि लपवणारा, यांतला दुसरा जास्त महाग पडतो, एवढं लोकांना कळलं की बस. एम्सच्या घटनेनंतर दोन सिस्टिम ॲनालिस्ट निलंबित झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यांची चूक किती, हे मला ठरवता येणार नाही. मात्र नेटवर्कची विभागणी हा दोन ॲनालिस्टच्या पातळीवर होणारा निर्णय नसतो, एवढं सांगता येतं.

## 'साहेबांना यातून सूट द्या'

दुहेरी पडताळणीचा नियम आला, म्हणजे पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोडही टाकायचा, की पहिला फोन वरच्या मजल्यावरून येतो. साहेबांना घाई असते, साहेबांना जमत नाही, साहेबांपुरतं काढून टाका. आणि नेमकं साहेबांचंच खातं चोराला सगळ्यात जास्त हवं असतं.

इथे लागणारं कौशल्य पुस्तकात मिळत नाही. नियमावर बोट ठेवलं तर तीन महिन्यांत बदली. मान तुकवली तर नियमाची किंमत शून्य, कारण ही सूट दुपारपर्यंत इमारतभर झालेली असते. मी ज्यांना हे नीट निभावताना पाहिलंय, ते तिसरंच करतात. स्वतः जातात, साहेबांच्या फोनवर स्वतः बसवून देतात, दोनदा करून दाखवतात. वीस मिनिटांचं काम. अहंकार दाराबाहेर ठेवता आला पाहिजे, बस. आणि तरीही साहेब नाहीच म्हणाले, तर दोन ओळींची टिपणी: अमुक कारणास्तव सूट दिली, धोका अमुक, सूट अमुक तारखेपर्यंत, मंजुरीसाठी सादर. अशा टिपणीवर सही करायला फारसं कोणी तयार होत नाही, आणि सूट तिथेच विरते.

कधीकधी मात्र किंमत मोजावीच लागते. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीत तिथल्या सायबर सुरक्षा संस्थेचे प्रमुख होते ख्रिस क्रेब्स. मतदान यंत्रणेत फेरफार झाल्याचे दावे राष्ट्राध्यक्षच करत होते, आणि त्यांची संस्था ही निवडणूक सुरक्षित होती असं जाहीरपणे सांगत होती. १७ नोव्हेंबरला ट्रम्प यांनी ट्वीट करून त्यांना काढून टाकलं.

## महागडं सॉफ्टवेअर घेतलं की भागतं ना?

घ्यावं लागतंच, पण घेणं हे सोपं काम आहे. निविदा निघते, एल-वन म्हणजे सगळ्यात कमी दराचा ठेकेदार ठरतो, खोकी येतात, फीत कापली जाते. मग त्या पडद्यावर रोज शेकडो इशारे येऊ लागतात आणि ते पाहायला रात्रपाळीत एकच मुलगा असतो. तिसऱ्या आठवड्यात तो आवाज बंद करून ठेवतो. आयर्लंडमध्येही अँटीव्हायरस होताच की.

खर्चाची खरी लढाई देखभालीवर असते. जुनं विंडोज बदलायला, मुदत संपलेली उपकरणं काढायला पैसे मागणं, यात दाखवण्यासारखं काही नसतं. एचएसईकडे हल्ल्याच्या वेळी विंडोज ७ वर चालणारे तीस हजारांहून जास्त संगणक होते, ज्याचा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच थांबवला होता. 'चालतंय ना, मग कशाला बदलायचं' हे वाक्य डब्लिनमध्येही तितकंच लोकप्रिय असणार.

माणसांचंही तसंच. सरकारी पगारात चांगली पोरं टिकत नाहीत, हे खरंच आहे आणि प्रमुखाला वेतनश्रेणी बदलता येत नाही. त्याच्या हातात काय असतं? खाजगी कंपनीत जे काम पाच वर्षांनी मिळेल ते इथे सहा महिन्यांत देणं, रात्रपाळीनंतर सुट्टी खरोखर देणं, आणि बैठकीत त्या मुलाने शोधलेली गोष्ट त्याच्या नावाने सांगणं. तरी तो दोन वर्षांनी जाईलच. तो गेल्यावर त्याच्या डोक्यातलं काय काय कागदावर उरलं, यावरून प्रमुख कळतो.

## लोकांना सांगायचं किती?

२०१९ च्या ऑक्टोबरात कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाच्या संगणकात व्हायरस शिरल्याची चर्चा सुरू झाली. २९ तारखेला प्रकल्पाने पत्रक काढलं, की नियंत्रण यंत्रणेवर सायबर हल्ला होणं शक्यच नाही. दुसऱ्या दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केलं, की व्हायरस सापडला होता, सर्ट-इनने ४ सप्टेंबरलाच कळवलं होतं, आणि तो कार्यालयीन नेटवर्कवरच्या संगणकात होता. अणुभट्टीच्या नियंत्रणाशी त्या नेटवर्कचा संबंध नव्हता. बारकाईने पाहिलं तर दोन्ही निवेदनं एकमेकांना खोडून काढत नाहीत. पण वाचणाऱ्याला काय वाटलं? काल नाही म्हणाले, आज हो म्हणाले. दुसरं पत्रक पहिल्या दिवशी काढलं असतं तर सगळं एका परिच्छेदात मिटलं असतं.

उलट बाजूने मुंबई. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. काही महिन्यांनी एका अमेरिकी कंपनीचा अहवाल आला, की चीनशी संबंधित गट भारतीय वीज यंत्रणेत डोकावतोय. १ मार्च २०२१ ला राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली. लगेच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, वीज मानवी चुकीमुळे गेली. त्या अमेरिकी कंपनीने स्वतःही वीज जाण्याशी आपण थेट संबंध जोडू शकत नाही असंच म्हटलं होतं, पण ते वाक्य मथळ्यात मावलं नाही.

चोर शिरला होता आणि दिवे गेले, या दोन गोष्टी एकाच वर्षात घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. हे मंत्र्याला पत्रकार परिषदेच्या आधी, दोन मिनिटांत, त्याचा पाणउतारा न करता सांगणं हे प्रमुखाचं काम. मला तर ते फायरवॉलपेक्षा अवघड वाटतं. माहीत असलेलं, माहीत नसलेलं आणि ते कधीपर्यंत कळेल, या क्रमाने तो मसुदा लिहून देतो. त्यात 'हॅकर' हा शब्द येत नाही.

## मग माणूस निवडायचा कसा?

प्रमाणपत्रं पाहावीत, पण मुलाखत त्यावर संपवू नये. आयएएस नेमावा की तंत्रज्ञ, हा वादही मला थोडा फसवा वाटतो. अधिकाऱ्याला सही मिळवता येते, तंत्रज्ञाला घड्याळं दिसतात. दोन्ही एकात क्वचित सापडतं. ज्याला आपल्यात काय नाही हे ठाऊक आहे आणि ते असलेला माणूस शेजारच्या खुर्चीवर बसवायला लाज वाटत नाही, तो घ्यावा. आणि तो आयटी प्रमुखाच्या हाताखाली नसावा. ज्याने स्वयंपाक केला त्यालाच मीठ बरोबर आहे का विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं.

मी मुलाखत घेत असतो तर एकच प्रसंग दिला असता. शनिवार, रात्रीचे दोन. ईमेल बंद, कार्यालयातले फोनही बंद, कारण ते इंटरनेटवरून चालतात. कोणाला कळवाल आणि कसं? आयर्लंडमध्येही ईमेल बंद पडले होते.

बहुतेक उमेदवार आधी वायर काढण्याबद्दल बोलतील. एखादा विचारेल, 'नंबरांची यादी छापलेली आहे का?' आणि मग, 'त्या नंबरांवर शेवटचा फोन करून कोणी पाहिला होता?' कारण अशा याद्या मी पाहिल्या आहेत. लॅमिनेट करून भिंतीवर लावलेल्या असतात. पहिला नंबर दोन बदल्यांपूर्वीच्या साहेबांचा, दुसरा लँडलाइनचा, जो रात्री बंद केबिनमध्ये वाजत राहतो, आणि तिसरा त्या ठेकेदाराचा ज्याचं कंत्राट मार्चअखेर संपलं. चौथ्या नंबरवर कोणीतरी उचलतं. रात्रपाळीचा शिपाई असतो. त्याला सर्व्हररूमची किल्ली कुठे टांगलीय हे माहीत असतं, वायर कोणती हेही माहीत असतं. ती काढायचा अधिकार कोणाला आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.